शंभराचे एकशे सात

"ताई, माझ्या हातनं चुकलं आसतं तर मी त्याच दिवशी येऊन सांगितलं आसतं," भोईटेमामा म्हणाले. "पन ह्यात माझं काय चुकलेलं न्हाई."

आम्ही पिवळ्या खोलीत उभे होतो. काचेवर चढवलेला लेप साध्या उजेडानं खराब होतो, म्हणून त्या खोलीत कायम पिवळे दिवे. अंगात पांढरे झगे, डोक्यावर टोपी, तोंडाला पट्टी. माणसाचे फक्त डोळे दिसायचे. मामांनी चिमट्यात टपालाच्या तिकिटाएवढी एक काच धरली होती आणि बोलता बोलता ते ती माझ्यापुढे नाचवत होते.

"मग एकोणनव्वदचे एक्केचाळीस कसे झाले, मामा?" माझा आवाज चढला होता. "संगणकावर एकोणनव्वद टक्के, आणि तुमच्या काचेवर एक्केचाळीस. मधला प्रकाश कुणी खाल्ला?"

"ते मला काय म्हाईत? तुमी चित्र दिलं, मी कोरलं."

"नीट कोरलं असतं तर आले असते."

यावर मामांचा हात सवयीनं छातीवरच्या खिशाकडे गेला, पण खिसा झग्याच्या आत होता, तेव्हा ते नुसतीच छाती चाचपत राहिले. मामांच्या खिशात चुन्याची डबी असायची. रिकामी. तंबाखू त्यांनी अकरा वर्षांपूर्वी, इथं कामाला लागले त्या दिवशी सोडली होती, कारण तंबाखू खाणाऱ्याच्या श्वासातसुद्धा कण असतात आणि स्वच्छ खोलीत ते चालत नाहीत. तंबाखू सुटली, डबी काही सुटली नाही. अडचणीत सापडले की ते तिचं झाकण उघडायचे आणि लावायचे. आम्ही विद्यार्थी यावरून त्यांची थट्टा करायचो आणि तेही हसायचे.

त्या दिवशी मला हसायचं नव्हतं. मी तणतणत बाहेर आले, झगा खुंटीला लावला आणि माझे मार्गदर्शक उमर्जी सर यांना एका ओळीची मेल टाकली. कोरण्यात चूक झालेली दिसते, एवढंच. मेल इंग्रजीत होती, आणि इंग्रजीत ती ओळ जरा जास्तच खात्रीची वाटत होती.

हे चौदा वर्षांपूर्वीचं, मार्च महिन्यातलं. पुण्याबाहेरच्या टेकडीवरच्या त्या संस्थेत माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. मी बार्शीची. आमच्या गल्लीत "बारबोल्यांची सुलक्षणा भिंगं करती" अशी ख्याती होती, आणि दर दिवाळीला कुणीतरी चष्मा दुरुस्तीला आणून द्यायचं. माझं भिंग वेगळं होतं हे त्यांना समजावून सांगायचा नाद मी सोडून दिला होता. तुम्हाला मात्र थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नेहमीचं भिंग फुगीर असतं. आमचं सपाट. मसुरीच्या दाण्याएवढ्या काचेवर लाखो खांब उभे करायचे. एकेक खांब केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्शाइतका बारीक. कुठला खांब किती जाड, यावर प्रकाश कुठे वळणार ते ठरतं. नीट जमलं तर ती सपाट काच फुगीर भिंगाचं काम करते, आणि मग खेड्यातल्या आरोग्य केंद्रात तान्ह्या बाळाच्या डोळ्याचा पडदा तपासायला खिशात मावेल असं यंत्र करता येतं. आमचा प्रकल्प त्यासाठीच होता.

पण लाखो खांबांची जाडी ठरवायची कुणी? माणसानं ठरवायला बसलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो आधी वाटेल तसे खांब उभे करायचा. मग त्यातून प्रकाश एकदा पुढून सोडायचा, आणि एकदा उलटा, फोकसपासून मागे. दोन्हींचा मेळ घातला की कुठला खांब जाड करायला हवा, कुठला बारीक, ते एका दमात कळायचं. तसा बदल करायचा, पुन्हा प्रकाश सोडायचा. असं हजार वेळा. दर वेळी त्याला एकच प्रश्न: फोकसवर आता जास्त प्रकाश आला का? मी त्याला बाळ्या म्हणायचे. बाळ्या आज्ञाधारक होता. मागितलं तेच द्यायचा.

बाळ्यानं काढलेलं चित्र मामांकडे जायचं. इलेक्ट्रॉनांच्या झोतानं काचेवर कोरणारं यंत्र ते चालवत. त्याला सगळे नुसतं 'ई-बीम' म्हणायचे. मामा कोरेगाव तालुक्यातले. आयटीआय झालेले, आधी साखर कारखान्यात होते, मग इथं कंत्राटावर लागले. दर एकतीस मार्चला कंत्राट संपायचं आणि दर एक एप्रिलला नवं व्हायचं. अकरा वर्षं असं चाललं होतं. त्या वर्षी मात्र कायम करायच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं होतं, कॅन्टीनवाल्यालासुद्धा. आमच्या प्रकल्पाच्या आढाव्याला बुधवारी कमिटी येणार होती, आणि त्या यादीवर शिफारस त्याच कमिटीची लागायची.

माझी एका ओळीची मेल सोमवारची. मंगळवारी सकाळपर्यंत ती सरांकडून वर गेली होती आणि बुधवारच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढली होती: कोरीव कामातील त्रुटी, संबंधितांनी उपस्थित राहावे. संबंधित म्हणजे मामा.

मंगळवारी दुपारी कॅन्टीनमध्ये ते डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. भाकरी, खर्डा, कांदा. मला वाटलं आता रडगाणं ऐकावं लागणार.

"ताई, एक इचारू? रागावू नगा."

"विचारा."

"तुमच्या त्या संगनकात उजेड आत किती जातो?"

"शंभर धरायचा."

"आन् भायेर किती येतो?"

"सांगितलं की. एकोणनव्वद."

"ते फोकसवरचं झालं. मी समदा इचारतोय. फोकसवरचा, इकडंतिकडं सांडल्याला, मागं परतल्याला. समदा मिळून किती?"

मी घास तोंडातच धरून थांबले. ती बेरीज मी कधी केलीच नव्हती. करायची गरजच काय? मला फोकसशी मतलब होता.

"न्हाई, म्हनलं इचारावं," मामा कांदा मोडत म्हणाले. "कारखान्याच्या लॅबमधी मी पाच वर्सं व्हतो. आमचे केमिस्टसायेब रोज मेळ घालायचे. उसातनं साखर आत किती आली, पोत्यात किती गेली, मळीत किती, चिपाडात किती. बेरीज जमल्याबिगर कोन हलायचं न्हाई. कमी भरली तर कुटंतरी गळती. आन् जास्त भरली तर काट्यात खोट. जास्त भरली की सायेब लई घाबरायचे. म्हनायचे, भोईटे, गळती परवडली, पन जी साखर उसात नव्हतीच ती पोत्यात आली कुटनं?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू? चार वर्षं मी या विषयात डोकं फोडत होते आणि हे मला साखर कारखान्याचा ताळेबंद शिकवत होते. ज्याचं काम त्याला साजे, असं काहीतरी मी बोललेसुद्धा. डबा तसाच टाकून वर गेले आणि केवळ त्यांना खोटं पाडायचं म्हणून बेरीज करायला बसले.

हिरवा: अठ्ठ्याण्णव. ठीक, दोन टक्के पदार्थानं प्यायला. निळा: शहाण्णव. ठीक. तांबडा: एकशे सात.

मी पुन्हा केली. एकशे सात.

शंभर आत गेले होते आणि एकशे सात बाहेर येत होते.

कारण सापडायला पंधरा मिनिटं लागली, आणि ती पंधरा मिनिटं मला अजून जशीच्या तशी आठवतात. खांब ज्या पदार्थाचे, तो पदार्थ थोडा थोडा प्रकाश पितो. कुठल्या रंगाचा किती पितो याचे सतरा मोजलेले आकडे माझ्याकडे होते. त्या सतरा ठिपक्यांमधून मी एक छान गुळगुळीत रेषा काढून घेतली होती. शेवटच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये, तांबड्याच्या जागी, ती रेषा शून्याच्या किंचित खाली गेली होती. डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. पण शून्याच्या खाली म्हणजे काय? म्हणजे तो पदार्थ प्रकाश पीत नाही, ओकतो. असा पदार्थ जगात नाही. तो फक्त माझ्या फायलीत होता.

आणि बाळ्याला तो सापडला होता. मी फोकसवर प्रकाश मागितला होता, कुठून आणायचा ते सांगितलं नव्हतं. त्यानं खांब असे रचले की तांबडा प्रकाश त्यांच्यात घुटमळत राहावा, कारण जितका घुटमळेल तितका वाढेल. सगळं भिंगच त्या खोट्या कमाईवर उभं होतं. ती रचना मी दोन महिने मोठ्या कौतुकानं लोकांना दाखवत होते. कुणी विचारलं की तांबड्याच्या बाजूला खांब असे विचित्र दाटीनं का उभे आहेत, तर मी म्हणायचे, यंत्राला दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

मामांनी कोरलं होतं ते अगदी बरोबर कोरलं होतं. खऱ्या काचेनं खरं उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी पाचला मामा पादत्राणांच्या फळीपाशी चपला घालत होते, तिथं मी त्यांना गाठलं.

"मामा, चूक माझी आहे."

ते वाकलेले होते ते तसेच वर बघू लागले.

"बेरीज एकशे सात येते. तुम्ही म्हणालात तसं, काट्यात खोट आहे. काटा माझा."

ते बाकावर बसले. मग खिशातून डबी काढली, झाकण उघडलं, लावलं. "मंग सुटलो म्हनायचं," ते म्हणाले, आणि एवढे हसले की मला रडू यायला लागलं.

"तुमची फणी असती ना, तर एवढं झालंच नसतं," मी म्हटलं. "मीच नको म्हटलं होतं."

फणी ही मामांची खोड. कुणाचीही काच असो, तिच्या कडेला ते स्वतःची एक बारीक फणी कोरायचे. बारा दात, प्रत्येकाची जाडी ठरलेली. यंत्र त्या दिवशी नीट कोरत होतं की नाही हे ती फणी मोजली की समजायचं. बाकीच्या विद्यार्थ्यांना त्याचं काही नव्हतं. मी मात्र त्यांना झापलं होतं की माझ्या काचेवर तुमची फणी नको, तेवढ्या जागेत माझं आणखी एक भिंग बसतं.

फणीचं नाव काढल्यावर मामांनी डोकं खाजवलं. "ते ऱ्हाऊ द्या आता," ते म्हणाले. "सरास्नी सांगितलं का?"

"उद्या सांगते. कमिटीपुढंच सांगते."

"आन् तुमच्या डिग्रीचं?"

"बघू. होईल काहीतरी."

"सांगाल न्हवं, ताई?"

"शब्द देते, मामा."

मी तो मनापासून दिला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. त्या वेळी मी खोटं बोलत नव्हते.

बुधवारी सकाळी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. उमर्जी सर वाईट माणूस नव्हते. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून महिनाभर मऊभात येत होता. त्यांनी बेरीज पाहिली, रेषा पाहिली, चष्मा काढून डोळे चोळले.

"सुलक्षणा, आपला शोधनिबंध मागच्या आठवड्यात स्वीकारला गेलाय."

"हो सर."

"त्यातला आकडा एकोणनव्वदच आहे."

"हो सर."

"आज हे सांगितलंस तर निबंध जाईल, प्रकल्पाला मुदतवाढ मिळणार नाही. तुझी शिष्यवृत्ती त्याच्यातच आहे. चार वर्षं, अगं!" ते उठून खिडकीशी गेले. "चूक लपव असं मी म्हणत नाहीये. दुरुस्त कर. खरा आकडा काढ. मग आपणच सुधारणा छापू. फक्त आज नको."

"आणि भोईटेमामा?"

"त्यांचं मी बघतो. दोन-तीन ठिकाणी माझी ओळख आहे, चांगल्या ठिकाणी लावून देतो." मग ते माझ्याकडे वळले आणि फार मायेनं म्हणाले, "खोटं बोलायला मी तुला कधीच सांगणार नाही. विचारतील तेवढ्याचं उत्तर दे. बस."

कमिटी तीन जणांची होती. बोलायच्या एकट्या अध्यक्ष, डॉ. केळशीकर मॅडम. निवृत्त शास्त्रज्ञ, पांढरे केस, सुती साडी, पेन्सिलनं टिपण करायच्या. बाकीचे दोघे माना हलवायचे. मामा भिंतीजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. मी आत आले तशी त्यांनी मला बघून मान हलवली, जत्रेत ओळखीचं माणूस दिसावं तसे खुलले होते.

"मिस बारबोले," केळशीकर मॅडम म्हणाल्या, "काचेवरचे खांब मोजलेत?"

"हो मॅडम. चाळीस खांब मोजले."

"चित्रातल्या मापात आणि प्रत्यक्षात फरक आढळला?"

"हो. सरासरी चार नॅनोमीटर."

हे खरं होतं. तेवढा फरक प्रत्येक काचेवर असतोच. त्यानं भिंगाला सर्दीसुद्धा होत नाही.

"मापातल्या फरकानं भिंगाची कार्यक्षमता घटू शकते?"

"घटू शकते."

हेही खरं होतं. पेन्सिल कागदावर चालत होती. मामांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथंच होतं. त्यांना वाटत असावं, मी सुरुवात करते आहे, पुढे येईल.

पुढे काही आलं नाही. मी थांबले होते.

"भोईटे," मॅडम त्यांच्याकडे वळल्या, "त्या दिवशी तुमचं यंत्र बरोबर कोरत होतं, याला काही पुरावा?"

मामा उभे राहिले. हात खिशात गेला, बोटं डबीवर गेलेली शर्टावरून दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. बाटलीवरचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता, तो मी अंगठ्यानं दाबून बसवत राहिले. पाच-सहा सेकंद गेले असतील. मग मामांचा हात खिशातून रिकामा बाहेर आला.

"न्हाई मॅडम."

"तुम्हाला काही सांगायचंय?"

"ताई सांगतील तेच."

केळशीकर मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना काही जाणवलं होतं की काय, देव जाणे. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "मिस बारबोले, आणखी काही?"

"नाही मॅडम," मी म्हणाले.

पुढचं पटकन सांगून टाकते. मामांचं नाव यादीतून कमी झालं आणि एकतीस मार्चला कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. मी ती रेषा सुधारली, बाळ्याला बेरीज शंभराच्या वर जाऊ न देण्याची अट घातली, आणि चार महिन्यांनी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांचं भिंग निघालं. खरे अठ्ठ्याहत्तर. नव्या माणसानं कोरलं, मोजलं तर शहात्तर भरले. निबंधात आम्ही आकडा बदलला आणि 'सुधारित रचना' असा शब्द वापरला. मला पदवी मिळाली. सरांनी मामांसाठी खरंच दोन ठिकाणी फोन केले होते, पण कामातल्या त्रुटीमुळे काढलेला माणूस कुणाला हवा असतो? ते गावी गेले. पुढे कोरेगावात त्यांनी चष्म्याचं छोटं दुकान टाकल्याचं ऐकलं. कोरेगाव पुण्यापासून तीन तासांवर आहे. चौदा वर्षांत मला ते तीन तास मिळाले नाहीत.

आता मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. पहिल्या दिवशी बेरीज करायला लावते. ते कंटाळतात. एकीनं परवा विचारलं, मॅडम, ही पद्धत कुणाची? मी म्हटलं, साखर कारखान्याची. वर्ग हसला. नाव सांगायला मला तोंड नव्हतं.

पण मला जे सांगायचं आहे ते यातलं काहीच नाही. ते त्या बुधवारचंच आहे, बैठक संपल्यानंतरच्या दहा मिनिटांतलं.

कमिटी शेजारच्या खोलीत चहाला बसली होती. दार उघडं होतं, कपबश्यांचा आवाज येत होता. मी बाहेर व्हरांड्यात कठड्याला टेकून उभी होते. मामा आले. गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी काढून हातात घेतलं होतं, त्याची पट्टी बोटांभोवती गुंडाळत होते. मी मनात तयारी करून ठेवली होती. ते ओरडतील, मग मी माफी मागेन, मग सरांनी सांगितलेलं त्यांना सांगेन.

ते ओरडले नाहीत. खिशातून चुन्याची डबी काढून माझ्यापुढे धरली.

"हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, ताई."

मला काही कळेना. मी झाकण उघडलं. आत कापूस होता, आणि कापसावर काचेचा एक तिकोनी तुकडा, भोपळ्याच्या बीपेक्षा लहान.

"फणी हाय त्येच्यात," मामा म्हणाले. "तुमी नगं म्हनला व्हता. पन हाताला सवय. मोजायच्या चौकटीत बसायला काचेचा जो कोपरा कापून टाकायचा व्हता, त्येच्यात काढली. तुमची जागा खाल्ली न्हाई. सोमवारीच मोजून ठिवलीया. बारा दात, बारा बी बरोबर."

"मग आत दाखवली का नाही, मामा?" मी कसंबसं विचारलं. "त्यांनी विचारलं होतं. पुरावा आहे का, असंच विचारलं होतं."

"दाखवनार व्हतो की. हात घातला व्हता खिशात."

"मग?"

ते थोडा वेळ ओळखपत्राची पट्टी उलगडत राहिले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"तुमी शब्द दिला व्हता," ते म्हणाले. "मी डबी काढली आसती, तर मी सुटलो आसतो. पन मंग तुमचं सांगायचं ऱ्हाऊन गेलं आसतं. म्हनलं, ताई आत्ता बोलतील, मंग बोलतील."

त्यांनी चहाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"त्यांचा च्या चाललाय अजून," ते म्हणाले, आणि ओळखपत्र जमा करायला जिन्यानं खाली गेले.

मी डबी मुठीत घेतली आणि त्या दारापर्यंत गेले. खरंच गेले. उंबऱ्यात उभी राहिले. केळशीकर मॅडम माझ्यापासून चार पावलांवर होत्या, बिनसाखरेचा चहा कुठला ते विचारत होत्या. मला बघून त्या थांबल्या. सरांनीही मला पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, मग त्यांनी हसून बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली.

"ये ये, सुलक्षणा. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

डबी डाव्या हातात होती. मी उजव्या हातानं बिस्कीट घेतलं.